गाजराचा रस आता पुरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला, म्हातारपणी नजर तेज ठेवण्याचा लेख वाचला. लेखिकाबाईंची भाषा छान आहे, फोटोही रसरशीत आहे. पण पुन्हा गाजर? आणि तेही ‘रोज सकाळी अनशापोटी ग्लासभर रस’?

या ग्लासभर रसाचा आमच्या घरातला अनुभव ऐका. आमचे थोरले बंधू आप्पा साखर कारखान्यात काट्यावर होते. निवृत्तीनंतर बैठं आयुष्य, पोट सुटलेलं, बिडी तरुणपणापासूनची. अशात आपल्याच पुरवणीत असाच एक लेख आला. वहिनींनी त्याचं कात्रण फ्रिजवर चिकटवलं आणि सूनबाईंनी मिक्सर लावला. नुसता रस आप्पांच्या घशाखाली उतरेना, म्हणून त्यात साखर. थंडीत वर हलवा, ‘डोळ्यांना चांगला’ म्हणून! पाहुणे म्हणायचे, ‘आप्पा, रिटायरमेंट मानवली हो तुम्हाला.’ मानवली तर खरीच, रक्तातल्या साखरेलासुद्धा.

मग एके दिवशी आप्पांना दाराची चौकट मधेच वाकलेली दिसू लागली. त्यांनी सुताराला बोलावलं. तो ओळंबा लावून, चहा पिऊन, चौकट सरळ आहे असं सांगून गेला. सुतार बदलला, चौकट वाकडीच. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी समोरच्याचे कान दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. घरच्यांनी ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना शिव्या घातल्या. शेवटी मिरजेला पडद्याच्या डॉक्टरांकडे नेलं. स्कॅनमध्ये पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, बिघडलेला निघाला. खाली सूज आणि पाणी. डॉक्टरांचे प्रश्न तीन: बिडी किती, वजन किती, ताटात पालेभाजी किती? गाजराचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. वहिनींनीच अभिमानाने सांगितलं, तेव्हा ते फक्त हसले. आता डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. आहे ती नजर टिकली तरी मिळवली.

माझा राग गाजरावर नाही. त्यातून ‘अ’ जीवनसत्त्व मिळतं, ते कमी पडलं की रातांधळेपणा येतो, हे शाळेत शिकलोय. पण साठीनंतर मॅक्युला झिजते तो वेगळा आजार. तिथे साठणारी पिवळी द्रव्यं म्हणजे ल्युटीन आणि झिअ‍ॅक्झँथीन. ती पालक, मेथी, शेवग्याचा पाला यांत भरपूर, अंड्याच्या बलकातही असतात. अंगी लागायला थोडं तेल हवं, म्हणजे आपली फोडणीची भाजी बरी. मिक्सरमधला रस कशाला?

आणि वजन! संपूर्ण पानभर लेखात वजनाला एक ओळ, तीही ‘सुडौल दिसण्यासाठी’. वा! लठ्ठपणाचा आणि हा आजार शेवटच्या टप्प्याला जाण्याचा संबंध अभ्यासांतून दिसला आहे. अंगात चरबी जास्त असलेल्यांच्या मॅक्युलात ही पिवळी द्रव्यं कमी आढळतात, कारण ती चरबीत विरघळणारी. त्यात मधुमेह आला की पडद्याच्या रक्तवाहिन्यांचा वेगळाच घोळ, आणि तो बराच काळ कळतही नाही. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या वर गेला की जपायचं, पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर, बाईची ८० च्या आत ठेवायची, एवढं चौकटीत छापायला काय हरकत होती? वजन उतरवून गेलेली नजर परत येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर आधी सांगा म्हणतोय. बिडी-सिगारेटचा उल्लेख लेखात शोधूनही सापडला नाही, आणि टाळता येण्याजोग्या कारणांत तिचा नंबर पहिला.

त्याच पानावर खाली ‘चाळिशीनंतर प्रत्येकासाठी’ डोळ्यांच्या कॅप्सूलची जाहिरात. योगायोग असेल! अमेरिकेतल्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेच्या ज्या चाचणीवर अशा गोळ्या विकल्या जातात, तिचे निष्कर्ष २००१ साली आले. आजार मध्यम टप्प्यावर असलेल्यांमध्ये तो पुढे जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाला. ज्यांना आजारच नाही त्यांना फायदा दिसला नाही. २०१३ च्या दुसऱ्या चाचणीनंतर तर त्या गोळीतून बीटा-कॅरोटीन काढून ल्युटीन घातलं, कारण बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना गोळीतल्या बीटा-कॅरोटीनने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढत होता. हे बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजराचा तोच केशरी रंग. गाजर खाऊन तसं होत नाही, घाबरू नये. पण गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, एवढी ओळ तरी जाहिरातीशेजारी हवी होती.

घरी करण्याची तपासणी फुकट आहे: वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून चौकटीच्या वहीकडे बघायचं. रेघ वाकडी दिसली तर थेट पडद्याचा डॉक्टर गाठायचा, त्याच आठवड्यात.

जाता जाता. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवरचा हा लेख आपण पोपटी रंगावर पांढऱ्या बारीक अक्षरांत छापला होता. मला तो नातवाकडून वाचून घ्यावा लागला. पुरवणीचं पान लावणाऱ्या मुलाला कुणीतरी त्याच्या आजोबांना भेटवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, कराड