नव्या बोटीच्या इंजिनाचं पहिलं ऑइल

मा. संपादक, स.न.वि.वि.

नवीन इंजिन बसवलं की बरेच जण म्हणतात, अजून नवं कोरं आहे, ऑइल बदलायची कसली घाई, इंजिन शंभर तास चाललं की बघू. पण हे सगळ्या इंजिनांना चालत नाही हो! फोर-स्ट्रोक आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन) बऱ्याच मॅन्युअलमध्ये पहिलं ऑइल साधारण २० तासांनीच बदला असं लिहिलेलं असतं, इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) डिझेलला बहुतेक ५० तास, आणि काही कंपन्या खरंच १०० म्हणतात, म्हणून आपल्याच मॉडेलचं मॅन्युअल उघडून बघा, शेजारच्या बोटवाल्याचा आकडा धरू नका.

कारण साधं आहे, सुरुवातीला रिंगा आणि बेअरिंग एकमेकांत बसत असतात तेव्हा धातूचा बारीक कीस निघतो आणि ऑइलमध्ये फिरत राहतो, फिल्टर अडवतो पण सगळाच नाही. म्हणून ऑइलबरोबर फिल्टरही नवा टाका, इंजिन थोडं गरम असतानाच ऑइल काढा म्हणजे गाळासकट निघतं.

आणि गिअर ऑइल! ते तर लोक विसरूनच जातात. टू-स्ट्रोकवाल्यांनी पण विसरू नका, त्यांच्या इंजिनात ऑइल इंधनाबरोबरच जळतं, म्हणून बदलायचं ऑइल नसलं तरी खालच्या गिअरकेसमध्ये (पंख्याचे गिअर असतात त्या पेटीत) असतंच. गिअरकेसचं ऑइल काढायच्या प्लगच्या चुंबकावर करडी बारीक पेस्ट दिसली तर घाबरू नका, पण धातूचे तुकडे दिसले तर आतले गिअर किंवा बेअरिंग खराब झालेलं असू शकतं, आणि ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय, गिअरकेस आणि सील तपासल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका. प्लगचे वॉशर नवेच लावा, आणि तारीख आणि तास लिहून ठेवा, वॉरंटीच्या वेळी तेच विचारतात.

— एक बोटमालक