यामानोते लाइनवरच्या त्या आजींना

टोकियोत उएनो स्टेशनला उतरलो आणि गाडीचं दार मिटताना लक्षात आलं, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी वरच्या फळीवरच राहिली. आईचा चेहरा पांढराफटक.

तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या एक आजी पुढे आल्या. काही न बोलता माझं मनगट धरलं आणि छत्रीच्या टोकाने फलाटावरचा आकडा दाखवला. तिथे जमिनीवरच डब्याचा आणि दाराचा क्रमांक असतो; आपण कुठून उतरलो ते नेमकं सांगता येतं. मग त्या आम्हाला थेट स्टेशनच्या खिडकीपाशी घेऊन गेल्या, सगळं समजावलं, कमरेत वाकल्या आणि निघूनही गेल्या. नीट आभार मानायचे राहूनच गेले.

यामानोते म्हणजे शहरातलं रिंगण. 30 स्टेशनं, फेरीला साधारण तासभर. खिडकीतल्या दादांनी पुढे फोन लावला आणि पिशवी इकेबुकुरोला उतरवून घेतली गेली. तिथल्या ताई आतली एकेक वस्तू विचारून कागदावर लिहीत होत्या. मेतकुटाच्या पुडीपाशी घोडं अडलं! आईने हवेतच भात कालवून दाखवला, "गोहान, गोहान" म्हणाली. गोहान म्हणजे भात, हा शब्द तिने आदल्याच दिवशी जेवताना उचलला होता. ताई खळखळून हसल्या, आईही हसली. दिवसभरात पहिल्यांदाच.

आजी, दादा, ताई, तुमची नावं विचारली नाहीत. आईने त्या रात्रीची गोळी वेळेवर घेतली ती तुमच्यामुळे. आम्हा दोघांकडून मनापासून आभार.