यंदा खड्ड्याला एकच रोप लावा

कलिना, मुंबई

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

आई म्हणाली, यंदाही खड्ड्याला तीन-तीन पपया लावणार आणि फुलं आली की जास्तीच्या उपटणार. बाबा, फोनवर तुम्ही ‘बघू’ म्हणता आणि विषय तिथेच राहतो, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं घरचं बी लांबट फळांचं, म्हणजे उभयलिंगी, एकाच फुलात नर-मादी दोन्ही असणाऱ्या झाडांचं. आपल्या वावरात नर नाही, त्यामुळे त्या बियांतून दोन उभयलिंगी रोपांमागे एक मादी पडते. खरं तर तीन उभयलिंगींमागे एक पडायला हवी. पण ज्या बीला दोन्हीकडून लिंग ठरवणारं वाय गुणसूत्र येतं ती जगतच नाही. म्हणजे खड्ड्याला एकच रोप लावलं तर तिसरा हिस्सा बाग गोल, पोकळ फळांची. तीन लावली तरी सरासरी 27 खड्ड्यांत एक खड्डा तिन्ही माद्यांचा. आणि हे कळायला चार-पाच महिने फुलांची वाट बघायची. तोवर तिप्पट रोपांना पाणी, खत, खुरपणी. आई, त्यातलं निम्मं तुझ्या गुडघ्यांवर येतं, तू बोलत नाहीस एवढंच.

पण रोप नर, मादी की उभयलिंगी, हे ते ट्रेमध्ये असतानाच कळतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 2000 साली पपईच्या रोपांसाठी अशी पीसीआर चाचणी, म्हणजे डीएनएचा ठरावीक भाग अनेक पटींनी वाढवून बघायची चाचणी, मांडली. 2002 मध्ये हवाईतल्या संशोधकांनी नर आणि उभयलिंगी दोन्हींत सापडणारे मार्कर, म्हणजे डीएनएमधल्या ओळखीच्या खुणा दिल्या, आम्ही प्रयोगशाळेत त्याच वापरतो. शर्टाच्या बटणाएवढा पानाचा तुकडा पुरतो. त्यातला डीएनए काढून मार्करचा भाग वाढवायचा आणि जेलवर बघायचा. आपल्या बियांत पट्टा उमटला तर उभयलिंगी, नाही तर मादी. पण कधी डीएनएच नीट निघालेला नसतो, तेव्हाही पट्टा दिसत नाही. म्हणून प्रत्येक पपईत उमटणारा दुसरा एक पट्टा सोबत तपासतात. तो दिसला तरच ‘मादी’ लिहायचं. या कामातली ही दक्षता मला फार आवडते.

व्हायरस येणार की नाही, हे यातून कळत नाही. कडक उन्हाळ्यात उभयलिंगी झाडांची फुलं नरासारखी होऊन गळतात, तेही थांबणार नाही. पण उपटण्यासाठी रोपं वाढवणं तरी थांबेल.

आधी मोठ्या झाडांची पानं पाठवा, दोन लांबट फळांच्या झाडांची, दोन गोल फळांच्या. आपल्या वाणाला मार्कर बरोबर लागू पडतो का, ते आधी पडताळते. मग ट्रेच्या एका कप्प्यात एकच बी टाका. पानं फुटली की रोपाला नंबर द्या आणि तोच नंबर कागदी पाकिटावर लिहा. प्लॅस्टिकमध्ये पान कुजतं. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या मी पाठवते, खर्चाचा विषय काढू नका.

माद्या फेकू नका. आई, दोन-तीन परसात लाव, कच्च्या पपईच्या भाजीला होतील.

बी कधी टाकताय ते कळवा, म्हणजे त्या आठवड्यात पीसीआर मशीन मागून ठेवते.

तुमची,
ताई