फोनवर जमेना म्हणून

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. तब्येत ठणठणीत आहे, झोप होते, जेवणाच्या वेळा पाळते. फोनवर मावशींच्या मुलीचा, माझ्या शाळेपासूनच्या मैत्रिणीचा विषय निघाला की आई, तू "अगं, पण मावशींना काय वाटलं असेल" म्हणतेस आणि बाबा पलीकडे नुसते खाकरतात. त्या खाकरण्याला काय उत्तर द्यायचं ते मला आजवर कळलेलं नाही. म्हणून लिहायला बसले.

ठरलंय ते आधी सांगते, म्हणजे जीव टांगणीला नको. १ तारखेपासून मी दुसऱ्या टीममध्ये जातेय. आम्ही दोघी आता एका कामावर नसू. नोकरी कुणाचीच गेलेली नाही, माझी नाही आणि तिचीही नाही. पगार तोच, घरी यायची वेळ उलट बरी झालीय. मावशी म्हणाल्या ना, "हिने माझ्या मुलीची तक्रार केली"? ते निम्मं खरं आहे.

तिला इथे मीच आणलं, हे तुम्हाला माहीत आहे. तिचा बायोडेटा मी पुढे केला, मुलाखतीची तालीमसुद्धा मीच घेतली. पहिले २ महिने आम्हाला शाळेत परत गेल्यासारखं वाटत होतं. मग सुरू झालं, "माझं तेवढं बघशील ना?" महिनाअखेरचा रिपोर्ट दोघींचा मिळून जातो. तिचा भाग आदल्या रात्री यायचा, तोही अर्धा रिकामा. मी बसायची भरत. मीटिंगमध्ये ती म्हणायची, "मी केलंय." तेही गिळलं. पण बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी मी तिच्यापाशी रडले होते, ते फिरून माझ्याकडे आलं ते असं: "हिच्या घरी सध्या टेन्शन आहे, म्हणून आकडे चुकतात." चुकलेला आकडा तिच्या भागातला होता.

तरी मी गप्पच होते. बोलायला लावलं ते टीममध्ये नवीन आलेल्या मुलीनं. तिनं सरळ विचारलं, "ताई, त्यांचं काम उशिरा आलं तर चालतं, मग माझं का नाही चालत?" मी काहीतरी पुटपुटले आणि पाणी प्यायला उठले.

आई, तू विचारलंस, आधी तिच्याशी बोलायचं नाही का? बोलले गं. पहिल्यांदा फार वाईट बोलले. जिन्यात, चिडून, "तू कायमच अशी" इथून सुरुवात केली आणि सातवीपासूनचं सगळं बाहेर आलं. त्यातून काय निघणार? दुसऱ्यांदा ऑफिसबाहेर भेटलो. स्वभावाचं एक अक्षर काढलं नाही. फक्त २ प्रसंग, तारखेसकट. आणि म्हटलं, पुढच्या महिन्यापासून तुझा भाग मी भरणार नाही, रिकामा राहिला तर तसाच जाईल. ती हसली. "साहेब झालीस का माझी?" म्हणाली. पुढच्या महिन्यात रिपोर्ट खरोखर तसाच गेला. ती रात्र मी टक्क जागी होते. (म्हणून त्या आठवड्यात आवाज बसलेला वाटला असेल. सर्दी नव्हती.)

त्यानंतरच मॅनेजरकडे गेले आणि जाण्याआधी तिला सांगून गेले. तिथे कामाचं बोलले, तारखांचं बोलले. तिच्या घरचं मला जे ठाऊक आहे, त्यातला चकार शब्द काढला नाही. मावशींना हे माहीत नसणार. तूही सांगायला जाऊ नकोस, उगाच उपकार केल्यासारखं होईल.

बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पण मला काकांची आणि तुमची भागीदारी आठवत होती. तुम्हाला वाटलं मी झोपलेय, मी दाराआड होते. इतकी वर्षं सांभाळून घेतलंत आणि एका संध्याकाळी सगळं एकदम बोललात. तुमचं चुकलं असं म्हणत नाही. आमच्या फिया भरायच्या होत्या, तुम्हाला तेव्हा वेगळं काय करता आलं असतं? माझ्यावर तसलं ओझं नव्हतं, तरी मी ८ महिने काढले. मैत्रिणीला सांभाळतेय असं स्वतःला सांगत होते. खरं तर ते बोलणं टाळत होते, दुसरं काही नाही.

परवा लिफ्टमध्ये ती माझ्यापुढे उभी होती. वाकडा भांग, अजून तसाच. आई, मावशींची सकाळची ड्यूटी असायची तेव्हा तिची वेणी तूच घालायचीस. कुणाची आधी यावरून आम्ही भांडायचो, मग तू दोघींच्या रिबिनी एकाच हातात धरून आम्हाला आरशासमोर उभं करायचीस. तिसरा मजला येईपर्यंत मला तेच दिसत होतं. ती उतरली. बोललो नाही.

आता नीट ऐका. आई, मावशींचा फोन ठेवल्या ठेवल्या बीपीचं यंत्र लावलंस तर आकडा वाढलेलाच दिसणार. आधी ५ मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, एकावर एक नाही. हात छातीच्या उंचीला टेकवायचा. मग मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि वहीत लिहायचं. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी, पुढे निदान अर्धा तास काही नाही. कॅल्शियमची तिच्याबरोबर घ्यायची नाही, ४ तासांचं अंतर हवं. बाबा, हे तुमच्याकडे सोपवतेय, कारण आई "घेतली" म्हणते आणि गोळी डबीतच असते.

तिला फोन करून "दोघी मिटवून टाका" म्हणू नका. तुमचा शब्द ती मोडणार नाही आणि मग आम्ही दोघी तुमच्यासाठी हसत राहू. माझ्या वतीनं माफीही मागू नका. पण मावशींबरोबरचं संध्याकाळचं फिरणं चालू ठेव आई, आमच्यापायी तुमचं बंद पडलं तर मला सहन होणार नाही. त्या बोलल्या तर ऐकून घे. त्यांच्या जागी तूही बोलली असतीस.

आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवायचं नाही. दाखवशीलच, मला माहीत आहे. मग निदान वेणीपासून पुढे वाच.

तुमची,
धाकटी