‘३० तारखेच्या आत’ म्हणजे नेमके केव्हा?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या भाचीचा वसतिगृह प्रवेशाचा अर्ज नुकताच एका संस्थेने मुदतबाह्य ठरवून परत केला. फलकावरील सूचनेत ‘अर्ज ३० तारखेच्या आत सादर करावेत’ एवढेच लिहिलेले होते. ती ३० तारखेला दुपारी अर्ज घेऊन गेली, तेव्हा ‘आत’ म्हणजे २९ पर्यंत, असे तिला खिडकीवर सांगण्यात आले. मराठीत हे शब्द दोन्ही अर्थांनी सर्रास वापरले जातात, त्यामुळे कारकुनाचे चुकले असे मला म्हणवत नाही आणि मुलीचे तर मुळीच नाही. दोष त्या वाक्याचा आहे, आणि त्यापायी तिची जागा गेली.

आपण ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो तेव्हा पुढच्या आठवड्याचा तोच वार, म्हणजे सातवा दिवस, अभिप्रेत असतो. बोलण्यात यामुळे काही अडत नाही. पण थकबाकीच्या नोटिशीत ‘आठ दिवसांत रक्कम भरावी’ असे येते, तेव्हा ते दिवस नोटिशीवरील तारखेपासून मोजायचे की ती हाती पडल्यापासून, आणि पहिला दिवस धरायचा की सोडायचा, हे प्रश्न दंडाच्या रकमेशी जोडलेले असतात. ‘शुक्रवारी रात्री १२ वाजेपर्यंत’ या शब्दांतून तर काही जण गुरुवार संपतानाची वेळ समजतात आणि काही जण शुक्रवार संपतानाची.

कायद्याने याचा विचार फार पूर्वी केला आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानुसार, कायद्यात अमुक दिवसा‘पासून’ म्हटले असेल तर तो दिवस वगळला जातो, अमुक दिवसा‘पर्यंत’ म्हटले असेल तर तो धरला जातो, आणि शेवटच्या दिवशी कार्यालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी केलेले काम मुदतीत मानले जाते. माहिती अधिकार कायद्यातील ३० दिवस अर्ज मिळाल्यापासून मोजायचे, हेही माहिती अधिकार कायद्यातच स्पष्ट लिहिलेले आहे. इतके असूनही, धनादेश न वटल्याच्या तक्रारीसाठी असलेल्या एका महिन्यात पहिला दिवस धरायचा की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तो दिवस वगळावा असा निर्वाळा २०१३ मध्ये मिळाला. संस्थांच्या, सोसायट्यांच्या किंवा शाळांच्या साध्या सूचनांना तर हे नियम आपोआप लागूही होत नाहीत, त्यामुळे तिथे वाचणाऱ्याला त्या सूचनेच्या शब्दांखेरीज दुसरा आधार नसतो.

म्हणून सूचना काढणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे की त्यांनी ‘अर्ज सोमवार, दि. ३० रोजी (हा दिवस धरून) सायंकाळी ५ वाजेपर्यंत कार्यालयात पोहोचले पाहिजेत. त्यानंतर आलेले टपालही स्वीकारले जाणार नाही’ असे पूर्ण वाक्य लिहावे. आपल्या वृत्तपत्रात छापायला येणाऱ्या जाहीर सूचनांमध्ये वार, वेळ आणि ‘हा दिवस धरून’ हे शब्द नसतील, तर आपल्या जाहिरात विभागाने ते संबंधितांकडून आवर्जून मागून घ्यावेत.

आपला,
एक वाचक, सातारा