तीन जॉब कार्डं, १३,९१० रुपये आणि एकदाही न केलेली प्रेशर टेस्ट

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
प्रादेशिक कार्यालय, पुणे.

विषय: २०११ च्या पेट्रोल गाडीचं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होणं आणि थंड इंजिनाचं मिसिंग (एखाद्या सिलिंडरने नीट पेट न घेणं), साताऱ्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने केलेलं चुकीचं निदान आणि पैशांचा परतावा.

महोदय,

आज दुपारी तुमच्या साताऱ्याच्या सर्व्हिस सेंटरचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसले आहे. १.२ लिटरचं हे चार सिलिंडरचं इंजिन तुम्हीच बनवलंय, त्यामुळे त्याची ओळख करून देत नाही. गाडी १ लाख १८ हजार किलोमीटर चाललेली आहे. पहिल्या दिवसापासून तक्रार एकच सांगते आहे. पुण्याच्या दोन फेऱ्या झाल्या, म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोमीटर, की बाटलीतलं कूलंट ३०० मिलीने उतरतं. गाडीखाली थेंब नसतो. सकाळच्या पहिल्या स्टार्टला गाडी दोन-तीन मिनिटं उभ्या उभ्या, स्लोला थरथरते, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, आणि मग सगळं आपोआप सुरळीत होतं.

हे एकच दुखणं आहे. तुमच्या लोकांनी त्याची दोन दुखणी केली आणि दोन्हींची वेगवेगळी बिलं फाडली.

एप्रिलच्या जॉब कार्डावर फक्त ‘इंजिन व्हायब्रेशन’ असं लिहिलं. कूलंटचं मी दोनदा सांगितलं होतं, त्याचा कार्डावर उल्लेखच नाही. चार प्लग बदलले, इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी साफ केली, २,३४० रुपये घेतले. प्लगांची वेळ झालीच होती, ते पैसे मी मागत नाही. पण काढलेले प्लग एका खोक्यात एकत्र टाकून माझ्या हातात दिले. त्यातले तीन तपकिरी आहेत, जसे असायला हवेत तसे. उरलेल्या एकाचं पोर्सलीन धुऊन काढल्यासारखं पांढरंशुभ्र आहे. ज्या सिलिंडरमध्ये पाण्याची वाफ होते तिथलाच प्लग असा निघतो. सिलिंडरच्या क्रमाने चार प्लग टेबलावर मांडले असते तर निदान तिथेच अर्धं झालं असतं.

मे महिन्यात स्कॅनरला पी ०३०३ कोड आला, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसफायर. लगेच तिसऱ्या प्लगला ठिणगी पुरवणारी इग्निशन कॉइल बदलली, ३,१५० रुपये. कॉइल खराब आहे की नाही हे बघायला पैसे लागत नाहीत. तिसरी कॉइल दुसऱ्यावर लावायची, दुसरी तिसऱ्यावर, आणि सकाळी थंड इंजिन चालू करायचं. कोड पी ०३०२ झाला तर कॉइल दोषी. तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल ठीक आहे, दुखणं सिलिंडरच्या आत आहे. काढलेली कॉइल मी मागून घेतली आणि पहिल्या सिलिंडरला लावून दहा दिवस चालवली. पी ०३०१ एकदाही आला नाही.

मेअखेरीस थर्मोस्टॅट (कूलंट तापलं की उघडणारी झडप), रेडिएटर कॅप, वॉटर पंप आणि ‘कूलंट १ लिटर’ मिळून ८,४२० रुपये. जुने भाग याही वेळी घेतले. तो वॉटर पंप आत्ता माझ्यासमोर आहे. शाफ्ट बोटांनी हलवून पाहिला, जराही प्ले (ढिलेपणा) नाही. पाणी ढकलणारा इम्पेलर शाबूत आहे. सील गळायला लागलं की पाणी ज्या बारीक भोकातून बाहेर येतं तिथे पांढरट-हिरवट पापुद्रा धरतो. हे भोक कोरडं ठणठणीत आहे. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला आणि शेजारी थर्मामीटर धरला. त्याच्यावर ८२ छापलंय आणि ८२-८३ अंशांलाच तो उघडायला लागला. म्हणजे दोन चांगले भाग काढले आणि तेच भाग नवे बसवून दिले. भरलेल्या कूलंटचं तर बोलायलाच नको. हायड्रोमीटरने पाहिलं तर ग्लायकॉलचं, म्हणजे खऱ्या कूलंटचं, प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास, बाकी पाणीच. तुमचं मॅन्युअल अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी सांगतं. नळाचं पाणी ओतलं की ॲल्युमिनियमचं हेड आतून गंजतं आणि रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसतात, हे वर्कशॉपला मी सांगायचं का?

या तिन्ही वेळा प्रेशर टेस्ट, म्हणजे कूलिंग सिस्टीममध्ये हवेचा दाब भरून गळती शोधणं, झाली नाही. ती जॉब कार्डावर नाही, बिलात नाही आणि तोंडीही कुणी तिचं नाव काढलं नाही. कूलंट कमी होतंय म्हणून गाडी आली की सर्वांत आधी हेच करायचं असतं. म्हणून ती मी स्वतः केली. मेकॅनिक मोटर व्हेइकल हा ट्रेड मी शिकवते, साधनं हाताशी होती. तुमच्याकडे गाडी नेण्याचं कारण एवढंच की पुढच्या वर्षापर्यंतचं सर्व्हिस पॅकेज मी तुमच्याकडून विकत घेतलेलं आहे.

इंजिन पूर्ण गार असताना कॅपच्या जागी टेस्टर बसवला आणि ०.९ बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) हवा भरली. कॅपवर ०.९ छापलेलं असताना त्याच्या वर भरायची नसते. वीस मिनिटांत काटा ०.६ वर आला. होज, क्लिपा, रेडिएटरचे कोपरे, नवा पंप, सगळं कोरडं. थ्रॉटल बॉडीला जाणाऱ्या कूलंटच्या नळ्या काढून बायपास केल्या, तरी काटा तसाच उतरला. हीटर गळत असता तर डॅशबोर्डखालचा गालिचा ओला झाला असता आणि काचेवर आतून चिकट धुकं धरलं असतं. त्यातलं काही नाही. पाणी बाहेर येत नाही म्हणजे ते आत जातंय.

मग चारही प्लग काढले, पुन्हा ०.९ बार भरून गाडी रात्रभर तशीच ठेवली. सकाळी इंजिन पेट घेऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा रिले आणि कॉइलांचे कनेक्टर काढले, प्लगांच्या भोकांसमोर पांढरा पुठ्ठा धरायला माणूस उभा केला आणि सेल्फ मारला. तिसऱ्या भोकातून हिरवट फवारा आला. बाकी तीन भोकांसमोर पुठ्ठा कोरडा. तो पुठ्ठा जपून ठेवलाय, फोटो सोबत आहे. त्यानंतर रेडिएटरच्या तोंडावर ज्वलनवायू ओळखणारं निळं रसायन धरलं, दोन मिनिटांत ते पिवळं पडलं, म्हणजे कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू आहे. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये होणारा दाब, पहिल्याचं १२.५ बार, दुसऱ्याचं १२.३, तिसऱ्याचं ११.४, चौथ्याचं १२.६. फक्त कॉम्प्रेशन पाहणारा माणूस इथे फसू शकतो, कारण फट लहान असली की आकडा फारसा पडत नाही. पण तिसरा पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडली की रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात.

तिसरा सिलिंडर आणि वॉटर जॅकेट (सिलिंडरभोवतीची कूलंटची पोकळी) यांच्या मध्ये हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधली पातळ सील, गेलंय. फार तर हेडलाच तिथे तडा असेल, ते हेड काढल्यावर कळेल. यवतेश्वरचा घाट चढताना लोड पडला की ज्वलनाचा वायू त्या फटीतून कूलंटमध्ये घुसतो, बाटली फुगते आणि पाणी वाटेतच बाहेर ढकललं जातं. गाडी बंद केली की उलटं होतं, सिस्टीममध्ये कोंडलेलं प्रेशर रात्रभर थोडं थोडं पाणी सिलिंडरमध्ये ढकलतं. निरोगी गाडीचा वरचा होज सकाळी मऊ लागतो, या गाडीचा दगडासारखा टणक असतो. पहिल्या स्टार्टला ओला प्लग ठिणगी देत नाही म्हणून मिसिंग. इंजिन तापलं की पाणी वाफ होऊन जातं, धातू फुगून फट आवळली जाते, आणि गाडी शहाण्यासारखी चालायला लागते. तुमचा टेक्निशियन दुपारी बारा वाजता तापलेली गाडी चालवून ‘नो प्रॉब्लेम फाउंड’ लिहितो ते त्यामुळेच. दोनदा गाडी तुमच्याकडे मुक्कामाला होती. सकाळी पार्किंगमधून रॅम्पवर कुणी आणली, तेव्हा ती थरथरली का, हे विचारलं तर कुणालाच सांगता आलं नाही.

‘ऑइल दुधाळ नाही, म्हणजे गॅस्केट ओके’ हे वाक्य मला तुमच्या दोन वेगवेगळ्या माणसांनी ऐकवलं. गॅस्केट ऑइलच्या वाटेपाशी फाटलं तरच ऑइल दुधाळ होतं. वॉटर जॅकेट आणि सिलिंडरच्या मध्येच फाटलं असेल तर डिपस्टिकवर महिनोन्‌महिने स्वच्छ ऑइल दिसेल. हे आमच्याकडची पहिल्या वर्षाची मुलं सांगतात.

आता आजचा फोन. हे निष्कर्ष मी सोमवारी सर्व्हिस सेंटरला लेखी दिले होते, त्यावर चौथ्या दिवशी हा फोन आला.

“मॅडम, कूलंट उन्हानं उडूनच जातं, त्यात विशेष काही नाही.”

मी म्हटलं, सिस्टीम बंद असते, कॅप ०.९ ची आहे, उडून जाणार कुठून?

“जुनी गाडी आहे मॅडम, एवढं चालतंच. तुम्ही पाण्याची एक बाटली डिकीत ठेवत जा, कमी झालं की टाकायचं.”

मी विचारलं, प्रेशर टेस्ट केली होती का? हो की नाही एवढंच सांगा.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मॅडम, घरी साहेब आहेत का? नाहीतर गाडीतलं समजणारं दुसरं कोणी जेंट्स असेल तर त्यांना फोन द्या, मी त्यांना समजावून सांगतो.”

मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. प्रेशर टेस्ट केली का? त्यावर पाठीमागे कुणीतरी हसल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं. आणि हा म्हणाला, “शनिवारी एक्सचेंज मेळावा आहे, गाडी घेऊन या, चांगली किंमत काढून देतो.”

कूलंट कुठे जातंय हे ज्याला शोधता येत नाही, तो मला गाडीतलं समजणारा माणूस शोधायला सांगतो. पाण्याचे आकडे, काट्याचे आकडे, कॉम्प्रेशनचे आकडे सगळे कागदावर लिहून दिलेले असताना. तो कागद त्याने वाचलेलाही नव्हता. मला याची चीड आली आहे आणि ती मी लपवणार नाही. कॉल तुमच्याकडे रेकॉर्ड होतात, हा कॉल काढून स्वतः ऐका.

डिकीत बाटली ठेवण्याचा सल्ला किती घातक आहे तेही ऐका. या इंजिनाचा एक सिलिंडर सुमारे ३०० सीसीचा. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ३० ते ३३ सीसी, म्हणजे दोन मोठे चमचे. एखाद्या रात्री तेवढं पाणी तिसऱ्या सिलिंडरमध्ये साचलं आणि सकाळी कुणी चावी फिरवली, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथे इंजिन संपलं. दुसरं म्हणजे, पाणी कमी झालं की टेम्परेचर सेन्सर हवेच्या पोकळीत येतो. मग फॅन वेळेवर लागत नाही, डॅशबोर्डवरचा काटा मधोमध शांत दिसतो, आणि आत हेड तापून वाकतं. पांढरा धूर सतत जात राहिला तर ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही जाईल. पाणी टाकत राहा म्हणणाऱ्या माणसाने यातल्या कशाचा विचार केला होता?

मला काय हवंय ते सांगते. कॉइलचे ३,१५० आणि मेअखेरच्या बिलाचे ८,४२०, असे ११,५७० रुपये परत हवेत. हेडचं काम मला फुकट नको, त्याचे रीतसर पैसे मी देईन, पण ते नीट व्हायला हवं. हेड काढल्यावर स्ट्रेट एज आणि फीलर गेजने सपाटी मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून दाखवा, बाक असेल तर फेसिंग करा, म्हणजे मशीनवर सपाट करून घ्या. तड्यासाठी हेडची मशीन शॉपमध्ये प्रेशर टेस्ट करा. या इंजिनाचे हेड बोल्ट एकदाच वापरायचे असतात, जुने परत लावलेले मला चालणार नाहीत. मधून बाहेर, मॅन्युअलच्या क्रमाने आणि टप्प्यांनी आवळा. ऑइल आणि फिल्टर बदला. कूलंट अर्धं-अर्धं डिस्टिल्ड पाण्यात मिसळून भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढा. शेवटी ०.९ बारची प्रेशर टेस्ट माझ्यासमोर करून आकडे जॉब कार्डावर लिहा. ही टेस्ट एप्रिलमध्येच केली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ खाली मी सातारच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार आहे. सेवेतली त्रुटी दाखवायला लागणारे भाग, कागद आणि फोटो माझ्याकडे तयार आहेत. तुमच्या गाड्या आमच्याकडे लोक जुन्या झाल्या तरी विकत नाहीत, पोरांना शिकायला देतात, कारण इंजिन टिकतं असा विश्वास आहे. त्या विश्वासावर तुमचेच लोक ‘जुनी गाडी, चालतंच’ असा शिक्का मारतायत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गाडी घरी उभी आहे, मी ती चालू करणार नाही. न्यायची असेल तर टो करून न्या. येणाऱ्या ड्रायव्हरला नीट बजावून पाठवा: तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही.

आपली ग्राहक,
शाहूपुरी, सातारा.

सोबत: तीन जॉब कार्डं आणि बिलांच्या प्रती, जुन्या प्लगांचे आणि पुठ्ठ्याचे फोटो, प्रेशर व कॉम्प्रेशनच्या नोंदी. वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि कॉइल माझ्या ताब्यात आहेत, तुमचा इंजिनिअर घरी येऊन तपासू शकतो.