रत्नागिरीतील सत्तावीस कोरडे दिवस

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात आपल्या वाट्याला एकच ओळ आली आहे, आणि ती वाचून आपण नेमकी काय मदत केलीत हे कोणाच्याही लक्षात येणार नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांत, ३० वर्षांतील प्रत्येक पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत, पावसाचा सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा पडला हे मला काढायचे होते. एकूण नोंदी १,३१,७६०. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार किमान २.५ मिलिमीटर पाऊस पडला तरच तो पावसाळी दिवस. तेव्हा त्याहून कमी पावसाचा दिवस आला की मोजणीत एक मिळवायचा आणि पावसाळी दिवस आला की मोजणी शून्यावर आणायची, असा फॉर लूप, म्हणजे यादीतल्या प्रत्येक नोंदीसाठी तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड, मी आर या संगणकीय भाषेत लिहिला होता. संध्याकाळी सुरू केलेला तो लूप सकाळीही चालूच असे. ज्याला विचारावे तो सांगे, की आरमध्ये लूप लिहूच नयेत. का, ते मात्र कोणी सांगत नसे.

आपण माझा कोड आधी पाहिलाच नाहीत. कोष्टकावरून बोट फिरवत आपण थांबलात आणि विचारलेत, "रत्नागिरीत भर पावसाळ्यात सलग २७ दिवस कोरडे? कोणत्या तारखांना?" मी लूपमधून तारखा छापून पाहिल्या, तर पडद्यावर तारखांऐवजी नुसते आकडे आले. फॉर लूप तारखांच्या यादीवरून फिरतो तेव्हा त्यांचे तारीखपण गळून पडते आणि १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांची संख्या तेवढी उरते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. मी ओशाळले; आपल्याला मात्र ते आकडेच उपयोगी पडले. १६३४३ च्या पुढे एकदम १६५८७ आला होता. आपण वजाबाकी करायला लावलीत: २४४. पहिला आकडा ३० सप्टेंबर २०१४ चा, दुसरा १ जून २०१५ चा. हंगाम बदलताना मोजणी शून्यावर आणायला मी विसरले होते, त्यामुळे एका सप्टेंबरची अखेर आणि पुढच्या जूनची सुरुवात मिळून एकच खंड तयार झाला होता. लूप एकदाही अडखळला नव्हता, म्हणून मी तो बरोबर समजत होते.

त्यानंतर आपण वही उघडून दिवस, पाऊस, मोजणी आणि कमाल असे चार रकाने आखलेत आणि पाच दिवसांचा लूप माझ्याकडून हाताने चालवून घेतलात. पीएच.डी. करणाऱ्या मुलीला पेन्सिलीने लूप चालवायला लावणे मला तेव्हा थोडे लागले, हे आता कबूल करते.

वेळ का लागतो, तेही त्याच पानावर उलगडले. प्रत्येक फेरीत मी आधीच्या कोष्टकाला नवी ओळ जोडत होते, आणि त्यासाठी आर दर वेळी आधीच्या सगळ्या ओळींची नक्कल करत होते; एक पोळी ठेवायची म्हणून भरलेला डबा दर वेळी दुसऱ्या डब्यात रिकामा करावा तसे. आपण बेरीज मांडून दाखवलीत: १,३१,७६० फेऱ्यांत सुमारे ८६८ कोटी ओळींच्या नकला. न्यूमेरिक या फंक्शनने पूर्ण लांबीची जागा आधीच राखून तिच्यात उत्तरे भरत गेल्यावर तोच लूप चहा गाळून होण्याआधी संपला. जाता जाता '१ पासून लांबीपर्यंत' या मोजणीच्या जागी सेक अलाँग हे यादीइतकेच क्रमांक देणारे फंक्शन लिहायलाही आपण सांगितलेत, कारण एखादी यादी रिकामी असली तर पहिली रीत शून्य फेऱ्या न करता १ आणि ० अशा दोन फेऱ्या करते.

मी उत्साहाच्या भरात लूप काढूनच टाकायला निघाले, तेव्हा आपण अडवलेत. लूपऐवजी वापरतात त्या लॅप्लाय आणि सॅप्लाय या फंक्शनांच्याही पोटात लूपच असतो, २०१७ च्या ३.४.० आवृत्तीपासून आर लूपचे बाइटकोडमध्ये, म्हणजे अधिक वेगाने चालणाऱ्या रूपात, रूपांतर आपणहून करते, आणि आजची मोजणी कालच्या मोजणीवर अवलंबून असेल तर लूप लिहिण्यात कमीपणा नाही, असे आपले म्हणणे होते. तरीही पडताळ्यासाठी, सलग सारख्या किमतींची लांबी देणाऱ्या आरएलई या फंक्शनने प्रत्येक हंगामाचा खंड आपण पुन्हा काढायला लावलात. दोन्ही रीतींची १,०८० उत्तरे तंतोतंत जुळली, त्या दुपारी आपण मला चहा केलात, आणि साखर दोनदा घातलीत.

येत्या रविवारी प्रबंधाची प्रत घेऊन येते. तिसऱ्या प्रकरणातील कोष्टक कोड न पाहता एकदा वाचावे, एवढी विनंती आहे.

आपली कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची भूगोलवाली